पैसेवारीतली सुपभर बाजरी

यादीत आमचं गाव नव्हतं.

तालुक्याच्या कचेरीत फळ्यावर ती चिकटवलेली होती. मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, मग पहिलीतल्या पोरासारखं बोट ठेवून एकेक नाव वाचलं. ओढ्याच्या पलीकडचं गाव होतं. आमच्या वरचं होतं, खालचं होतं. मधलं आमचं तेवढं नव्हतं. पाऊस काय ओढा बघून पडला होता?

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, सरका थोडं, आम्हालाही बघू द्या." मी सरकले. पण नजर फळ्यावरून हलेना. कारण ती यादी ज्या आकड्यांवरून बनली होती त्यातले आमच्या गावाचे आकडे मीच लिहिले होते. माझ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी.

आमचं गाव म्हणते खरी, पण मी तिथली नाही. मी नाशिकची. म्हणजे नाशिकच्या कडेची. आता जिथं सात-सात मजली इमारती आहेत तिथं आमची मेथी आणि कोथिंबीर असायची. आई जुड्या बांधायची, वडील त्या सायकलवरून बाजारात न्यायचे. घरातली पहिली पदवी माझी. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी भाजीच्या पाटीत वर्तमानपत्र अंथरलं नाही. म्हणाले, "यात कुणा ना कुणाच्या पोरीचं नाव असंल, त्यावर पालेभाजी नको." ते मी अजून सगळ्यांना सांगते आणि सांगताना मान ताठ होतेच. होऊ दे.

नव्वद सालानंतर तलाठ्याच्या भरतीत मुलींसाठी जागा राखून ठेवायला लागले. मी परीक्षा दिली, पास झाले, आणि नव्वदीचं दशक संपता संपता मला नांदगावच्या बाजूचं एक कोरडवाहू गाव मिळालं. तिथं तलाठ्याला तात्या म्हणायची रीत. मलाही पहिले सहा महिने सगळे "ओ तात्या" अशीच हाक मारत. कोतवाल, म्हणजे माझ्या हाताखालचा गावातलाच पन्नाशीचा माणूस, तो कधी ताई म्हणे, कधी तात्या, आणि घाईत असला की "ताईतात्या".

मी राहायला होते एका मावशीच्या घरी. पुढच्या खोलीत मी, मागं मावशी, तिचा मुलगा आणि सून. मावशीचा नवरा कधीचाच गेलेला. सहा एकर मुरमाड जमीन, त्यात बाजरी, कडेनं मठ, म्हणजे मटकी. मावशीनं मला पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "तुला बाजरीची भाकर थापता येती का?" मी नाही म्हटलं. "मग पंधरा वर्सं शाळंत काय केलं?" असं म्हणून ती स्वतःच हसली होती.

एक गोष्ट मात्र मी आल्या आल्या सगळ्यांना बजावली. मी कुणाकडून काही घेणार नाही. ताक नाही, पेरू नाही, कणीस नाही. माझ्या आधीच्या तलाठ्याच्या घरी म्हणे सुगीत धान्याची रांग लागायची. मला तसलं काही नको होतं. आमच्या घराण्यात पहिली सरकारी नोकरी, तिला डाग नको. पहिल्या सुगीत मी एका खळ्यावर काही नोंदीसाठी गेले, तर त्या घरची बाई सुपात बाजरी घेऊन पुढं आली. "पदर धर," म्हणाली. त्या गावात ती रीत होती. खळ्यावर रास पडली असताना घरातली लेक आली तर तिची ओटी भरायची, सुपभर धान्य तिच्या पदरात घालायचं. तिला रिकामी पाठवायचं नाही. मी माहेरी आलेल्या एका-दोघींना तशी ओटी घेताना बघितलंही होतं.

मी म्हणाले, "मी सरकारी नोकर आहे, मला चालत नाही."

"सरकारी नोकर आसली तरी लेकच ना?"

"तरी नको."

ती बाई सूप तसंच धरून उभी राहिली. मी वही मिटून निघाले. मला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

आता पैसेवारीचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावात पीक किती आलं ते सरकार पैशांत मोजतं. चांगल्या वर्षीचं पूर्ण पीक म्हणजे रुपया. यंदाचं त्या रुपयात किती पैसे, ती पैसेवारी. पन्नासच्या आत आली तर गाव टंचाईच्या यादीत. मग रोजगार हमीचं काम निघतं, कामावर मजुरीत धान्य मिळतं, टँकर येतो, पोरांची परीक्षेची फी माफ होते. पन्नासच्या वर गेली की काही नाही. सरकारच्या लेखी गाव पोटभर जेवलेलं.

आधी नुसत्या नजरेनं अंदाज करतात. मग सुगीत खरी मोजणी, तिला पीक कापणी प्रयोग म्हणतात. चिठ्ठी काढल्यासारखी काही शेतं निवडली जातात, त्या शेतात एका मोठ्या अंगणाएवढा चौकोन खुंट्या-दोरीनं आखायचा, तेवढ्यातलीच कणसं कापायची, वाळवून बडवायची, आणि जे दाणे निघतील त्यांचं वजन करायचं. तो तुकडाभर दाणा गुणून गुणून अख्ख्या गावाचं पीक ठरतं. किलोभर नमुना आणखी वाळवून बघायला तलाठ्यानं न्यायचा, बाकी शेतकऱ्याला परत. आणि कागदावर लिहायचं, "माझ्या समक्ष".

यादीचं ते वर्ष दोन हजार सालानंतरच्या कोरड्या वर्षांतलं. बाजरी गुडघ्याएवढी होऊन थांबली. कणसं बोटाएवढी. नजरेचा अंदाज पन्नासच्या खूप आत आला आणि गावाला धीर आला. मावशीच्या मुलाला ऊसतोडीला न्यायला मुकादम दोनदा येऊन गेला होता. मावशी त्याला म्हणाली, "यंदा नाय. हितंच काम निघणार हाय." मुलगाही खूश होता. घराला कुलूप नको, मावशी एकटी राहायला नको, एवढंच त्या घराचं मागणं होतं. मावशी मला रोज विचारायची, "निघल ना गं काम?" मी म्हणायचे, "प्रयोग होऊ दे."

प्रयोगाच्या आधी सरपंच आले. खुर्चीत बसले, इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "तात्या, चाळीसच्या आसपास ठेवा. आधीचे तात्या घरी बसून लिहायचे, कुणाला तरास नाय."

मी त्यांना बरंच ऐकवलं. की मी घरी बसून काही लिहीत नाही. की दोरी घेऊन जाणार, काटा घेऊन जाणार, जे भरेल ते लिहिणार. की पीक खरोखर गेलंय तर खरं मोजायला भिता कशाला? सरपंच उठता उठता कोतवालाला म्हणाले, "तुझी ताई लय शिकलीय बाबा." मला ती शाबासकी वाटली.

सहा शेतं निघाली. त्यात एक मावशीचं. प्रत्येक ठिकाणी मी भर उन्हात खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, कणसं माझ्यासमोर कापून घेतली. वाळल्यावर पुन्हा जाऊन माझ्यासमोर बडवून घेतली, पाखडून घेतली. दाण्यांचं पोतं माझ्यासमोर भरलं. तोवर दुपार व्हायची. घरातल्या बायका भाकरी सोडायच्या. जवळ बसले तर ताटात काहीतरी वाढणारच, म्हणून मी माझा डबा घेऊन लांबच्या लिंबाखाली जायची आणि तिकडं तोंड करून जेवायची. मग हात धुऊन यायचं, काटा टांगायचा, वजन करायचं, सही.

वजन माझ्या अंदाजापेक्षा जास्त भरत होतं. पहिल्याच शेतात मी काटा दोनदा तपासला. कोतवालाला म्हटलं, "एवढंसं पीक, आणि एवढं वजन?" तो म्हणाला, "भरलं न्हवं? बरं झालं." मी मनाशी म्हटलं, आपण मेथी-कोथिंबिरीचे लोक, बाजरीतलं आपल्याला काय कळतं, जे काट्यावर दिसतंय तेच खरं. सहाही ठिकाणी तेच झालं. मी प्रामाणिकपणे लिहिलं. आकड्यांवर आकडे मांडून कचेरीत दिलं, आणि त्या रात्री शांत झोपले.

आणि आता ही यादी.

एसटीनं गावात परतले तेव्हा मावशी दारातच मठ निवडत बसली होती. मुलगा आणि सून ओट्यावर होते. कोतवाल माझ्याबरोबरच एसटीतून उतरला होता, हातात कचेरीचे कागद घेऊन.

"काय गं, तोंड का उतरलं?" मावशी म्हणाली.

"मावशी, गाव यादीत नाही. पैसेवारी पन्नासच्या वर गेली."

"वर गेली म्हंजी चांगलं ना?"

मुलगा म्हणाला, "आई, चांगलं न्हाय. म्हंजी आपल्याकडं लय पिकलंय आसं झालं."

"पिकलंय? कुठं पिकलंय? डोळे फुटले काय त्यांचे?"

"त्यांचे नाही फुटले," मी म्हणाले. "मी मोजलं. काट्यावर तेवढंच भरलं. तुमच्या शेतात सुद्धा."

मावशीनं मठाचं ताट खाली ठेवलं. "कोणत्या काट्यावर? तू टांगला व्हता, त्यावर? आगं, त्यात तर माझी ओटी व्हती."

मला आधी काही कळलंच नाही. "कसली ओटी?"

"बाजरी. सुपभर. मागल्या सालची, कणगीतली. तू हातात तर काय घेत नाय. पदर धर म्हणलं की नोकरी मधी आणती. पहिल्यांदाच आपल्या खळ्यावर आली, रिकामी कशी लावू? म्हणलं, पोतं तर नेशीलच. तू तिकडं लिंबाखाली जेवाया बसली, तवा पोत्यात घातली."

"पोतं मी परत केलं होतं, मावशी."

"केलंस. दोन दिस माझ्या घशाखाली घास उतरला नाय. म्हणलं, मला नवरा नाय, म्हणून माझ्या हातची ओटी हिला नको वाटली."

मी खाली बसले. सुपभर बाजरी, दीड-दोन किलो. त्या अंगणाएवढ्या तुकड्यात मुळात निघाली होती तीनेक किलो. मला कागद लागला नाही, डोक्यातच गुणाकार होत गेला. तो तुकडा म्हणजे अख्खं शेत, ते शेत म्हणजे गावाचा सहावा हिस्सा. तरीही मनात आलं, की हे एकच शेत आहे, एका शेतानं एवढं वर जाणार नाही. बाकीची पाच?

मी कोतवालाकडं बघितलं. तो कागद उलटसुलट करत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"ताई, सगळ्यांनीच घातली की." तो इतक्या सहज म्हणाला की मला त्याच्या अंगावर ओरडताही येईना. "तुम्ही काय एका घरची लेक का? गावाची लेक. आन मला वाटलं, तुम्हाला ठावं हाय. म्हणून तर तुम्ही डबा घिऊन लांब जाता, पाठ करून बसता. मी म्हणलं, नमुन्याच्या पिशवीतनं घ्यायचं तर हाय, पण दिसाया नको. शिकलेलं माणूस हुशार."

हे ऐकून जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी दीड वर्ष या गावात मान वर करून चालत होते. आणि माझ्या पाठीमागं, मी ज्या कारणासाठी पाठ फिरवत होते नेमक्या त्याच कारणानं, सहा घरच्या बायका सुपं रिकामी करत होत्या. दुष्काळात. स्वतःच्या कणगीतली, खायची बाजरी.

"आगं पण," मावशी म्हणाली, "जुनी बाजरी न् नवी बाजरी तुला ओळखू नाय आली? जुनी काळपट आसती, नवी हिरवट. बारकं पोरगंबी सांगंल."

नाही ओळखू आली. पदवी होती, बाजरी ओळखू येत नव्हती.

त्या संध्याकाळी मी बाकीच्या पाच घरी गेले. कुणी लपवलं नाही. एका घरी तर सासू म्हणाली सुपभर, सून म्हणाली नाही, दोन सुपं; आणि त्यांचं त्यावरच जुंपलं. "कंजुषी केली आसं ताईला वाटाया नको, म्हणून मी आणखी एक घातलं," सून म्हणाली. मी त्यांना सांगितलं की त्यामुळं काम निघणार नाही. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं.

सरपंचांच्या घरीही गेले. जाणं भागच होतं. सगळं ऐकून त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "म्हंजी मी म्हणत व्हतो तो आकडा लिहिला आसता, तर तो खरा ठरला आसता?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मावशीचा मुलगा तेवढ्यात मुकादमाकडं जाऊन आला होता. ट्रक दिवाळी झाल्यावर लगेच निघणार होता. मावशी मला म्हणाली, "तू काय तरी कर. तोवर मी त्याला धरून ठेवते."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत तहसीलदार साहेबांसमोर उभी राहिले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला.

"कागदावर तुम्ही 'माझ्या समक्ष' लिहिलंय."

"हो."

"आणि समक्ष नव्हतात?"

"डबा खात होते. पाठ फिरवून."

"सहाही वेळा?"

"सहाही वेळा."

त्यांनी माझा कागद पुढं ओढला. "आम्ही वर काय कळवायचं? की लोकांनी प्रेमानं बाजरी वाढवली? बाई, धान्य चोरल्याच्या तक्रारी येतात माझ्याकडं. घातल्याची ही पहिली." मग म्हणाले, "चूक तुमची आहे, असं लिहून द्याल? नोटीस निघेल. सेवापुस्तकात राहील ती."

सेवापुस्तक म्हणजे नोकरीचा जन्मापासूनचा कागद. माझं अजून कोरं होतं. वडील प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, पोरीच्या नोकरीला एक डाग नाही. मला त्यांची ती सायकल आणि तो न अंथरलेला पेपर आठवला. आणि मावशी, मुलाला धरून बसलेली.

मी तिथंच बाकावर बसून लिहून दिलं. प्रयोगाच्या वेळी मी राशीजवळ हजर नव्हते. धान्यात जुनं धान्य मिसळलं गेलं. शेतकऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, दोष माझा. हे शेवटचं वाक्य साहेबांनी दोनदा वाचलं.

फेरतपासणीचा हुकूम झाला. गावात बहुतेक बाजरी उतरलेली, उशिरा पेरलेली दोनच शेतं उभी होती. त्यावर पुन्हा प्रयोग करायचे, साहेबांचा एक माणूस हजर. पण त्याला यायलाच दिवाळी उलटली, आणि नवा आकडा डिसेंबरात ठरणाऱ्या अंतिम पैसेवारीत धरणार असं कळलं. डिसेंबर. ट्रक त्या आठवड्यात निघत होता.

मावशी मुलाला म्हणाली, "थांब की रं. ताईनं लिहून दिलंय."

"आई, डिसेंबरात काम निघालं न् नाय निघालं, तर? मुकादम तवर थांबंल का?"

त्याचं काही चुकत नव्हतं. सकाळी ट्रक वडाखाली उभा राहिला. सुनेनं भांडी पोत्यात बांधली, तवा वर ठेवला. मुलगा माझ्याजवळ आला. मला वाटलं काहीतरी बोलेल, बोलायला हवंच होतं. तो म्हणाला, "ताई, आईच्या हातची भाकर खात जावा. एकटीसाठी ती चूल पेटवायची नाय." आणि ट्रकवर चढला. मावशी ट्रक वळेपर्यंत उभी होती. मग घरात येऊन तिनं कणगीचं झाकण उघडलं, आत हात घालून बघितलं आणि पुन्हा बंद केलं.

त्या दिवसापासून मी तिच्या ताटात जेवायला लागले. नियम मोडला. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

डिसेंबरात गाव यादीत आलं. पाझर तलावाचं काम निघालं, कामावर धान्य मिळालं. मावशी स्वतः घमेलं घेऊन गेली, पन्नाशी उलटलेली बाई. हजेरीच्या मस्टरवर तिचा अंगठा मी बघायची. निम्म्या घरांना कुलपं होती. ज्यांच्यासाठी काम मागितलं ते कधीच उसाच्या फडात पोचले होते. माझी नोटीस आली, उत्तर दिलं, सेवापुस्तकात नोंद झाली. वडिलांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते जुडी बांधता बांधता म्हणाले, "लोकं धान्य घालतात, आन त्याची शिक्षा?" त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

मुलगा-सून उन्हाळ्यात चार दिवस येऊन गेले. कारखान्याकडंच त्याला बारमाही काम मिळालं होतं. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, पण तो परतला नाही.

त्या सुगीत मावशीचं शेत पुन्हा चिठ्ठीत निघालं. या वेळी मी राशीपासून हललेच नाही. डबाही नेला नव्हता. मावशीनं मजूर लावून कणसं बडवून घेतली, आणि ती स्वतः दहा हात लांब, सूप छातीशी धरून उभी राहिली. पोत्याच्या जवळही आली नाही. मी काटा टांगला, वजन केलं, लिहिलं, सही केली. कोतवालानं अंगठे घेतले.

"झालं का तुझं?" मावशीनं लांबूनच विचारलं.

"झालं."

"सरकारचं काय राहिलं नाय ना?"

"नाही."

"मग आता धर पदर."

मी पदर धरला. तिनं सूप ओतलं. मी ओंजळीत थोडे दाणे घेतले आणि उन्हात बघितले. हिरवट होते. नवी बाजरी होती.

"ओळखली का?" ती म्हणाली.

मी मान हलवली. तिनं रिकामं सूप झटकलं, आणि रस्त्याकडं एकदा बघून घेतलं, वडाच्या दिशेनं.